पाना 35 दाखवतो, तरी स्क्रू सैल का होतो? एका इम्प्लांट दाढेचं प्रकरण

(रुग्णाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तांत्रिक बाबी जशा होत्या तशाच ठेवल्या आहेत.)

पार्श्वभूमी

रुग्ण 52 वर्षांचे गृहस्थ. खालच्या जबड्यातली पहिली दाढ काढून तिथे इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवलेलं कृत्रिम मूळ बसवलेलं, त्यावर स्क्रूने धरलेली झिरकोनियाची (कठीण सिरॅमिकची) कॅप. हे काम तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या दवाखान्यात झालं होतं. इम्प्लांट हाडात उत्तम रुजलं होतं, हिरडी ठीक होती. तक्रार एकच होती, कॅप हलते.

पहिल्यांदा ती हलायला लागली कॅप बसवल्यावर आठ महिन्यांनी. स्क्रू आवळून दिला. पुढच्या खेपेला पाच महिन्यांनी. पुन्हा आवळला. तिसऱ्या खेपेला सातच आठवड्यांत. तेव्हा त्यांना माझ्याकडे पाठवण्यात आलं. चिठ्ठीत लिहिलं होतं: "स्क्रू वारंवार सैल होतो, दर वेळी 35 न्यूटन सेंटीमीटरला आवळला आहे, पुढे काय करावं?" (न्यूटन सेंटीमीटर हे फिरवण्याच्या जोराचं, म्हणजे टॉर्कचं माप. स्क्रू आवळायच्या पान्यावर ते दिसतं.)

आठ महिने, पाच महिने, सात आठवडे. हे आकडे एकाखाली एक मांडले की अर्धं निदान तिथेच होतं. स्क्रू योगायोगाने सैल झाला असता, तर मधला काळ असा दर वेळी आखडत गेला नसता. काहीतरी कारण तसंच राहिलं होतं, आणि प्रत्येक फेरीत सांध्याची, म्हणजे कॅप आणि इम्प्लांट जुळतात त्या जागेची, थोडी झीजही होत होती.

इम्प्लांट एक्स्टर्नल हेक्स प्रकारचं होतं. म्हणजे वरचा माथा सपाट, 4.1 मिलिमीटर रुंद, आणि त्यावर 0.7 मिलिमीटर उंचीचा षटकोन. स्वीडनमध्ये पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांनी 1965 मध्ये पहिल्या रुग्णावर वापरलेल्या पद्धतीतून पुढे आलेली ही रचना. हा षटकोन मुळात इम्प्लांट हाडात फिरवून बसवताना पकड मिळावी म्हणून होता. एकट्या कॅपला गरगर फिरू न देण्याचं काम त्याच्यावर नंतर आलं. इतक्या बुटक्या षटकोनाला आडव्या जोराविरुद्ध फारसा आधार देता येत नाही, त्यामुळे अशा सांध्यात जवळजवळ सगळा भार स्क्रूच्या ताणावर असतो. शंकूच्या आकाराच्या आतल्या जोडणीत बाजूच्या भिंती भार वाटून घेतात, तशी सोय इथे नाही.

स्क्रू सांधा कसा धरतो

प्रकरणाचा सगळा उलगडा या एका मुद्द्यावर अवलंबून आहे, म्हणून इथे जरा थांबते.

स्क्रूचे आटे एकमेकांत अडकतात म्हणून कॅप धरली जाते, असं आपण बोलताना म्हणतो. प्रत्यक्षात स्क्रू आवळला की तो लांबीला किंचित ताणला जातो. ताणलेला स्क्रू पुन्हा आखडू पाहतो आणि त्या ओढीने कॅपचा तळ इम्प्लांटच्या माथ्यावर दाबून धरतो. या ओढीला प्रीलोड म्हणतात. चावताना सांधा उघडू पाहणारा जोर जोवर या दाबापेक्षा कमी आहे, तोवर स्क्रूला बाहेरच्या भाराची फारशी झळ लागत नाही. दाब घटला की तळ आणि माथा सूक्ष्म घसरू लागतात, ताण आणखी गळतो आणि शेवटी स्क्रू उलटा फिरायला लागतो. म्हणजे सैल होण्याला दोन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात रुग्णाला काहीच जाणवत नाही. आपल्याकडे तो येतो दुसऱ्या टप्प्यात.

आता टॉर्कचं पाहू. पाना फिरवायला लावलेल्या जोरापैकी साधारण निम्मा जोर स्क्रूच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो, 40 टक्क्यांच्या आसपास आट्यांच्या घर्षणात, आणि जेमतेम 10 टक्के जोराचा ताण बनतो. पान्यावरचा आकडा फिरवायला किती जोर लागला ते सांगतो. ताण किती आला हे तो सांगत नाही, कारण दाताच्या दवाखान्यात ताण मोजायचं साधनच नसतं.

आणि हा ताण किती बारीक अंतरावर उभा असतो? साधं गणित करून पाहा. स्क्रूचा ताणला जाणारा भाग सुमारे 3 मिलिमीटर लांब, गाभा सुमारे 2 चौरस मिलिमीटर, धातू टायटॅनियमचा, ओढ 400 न्यूटन धरली, तर स्क्रू लांबतो पाच-सहा मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन). माणसाचा केस याच्या दहापट जाड असतो. म्हणजे आवळून झाल्यावर कॅप खाली पाच-सहा मायक्रॉन जरी सरकली, तरी सगळा ताण संपू शकतो. स्क्रू उलटा न फिरताच.

म्हणूनच नव्या स्क्रूच्या पृष्ठभागावरचे सूक्ष्म उंचवटे दबून पहिल्या काही क्षणांत 2 ते 10 टक्के ताण जातो, आणि म्हणूनच दहा मिनिटांनी पुन्हा आवळायला सांगतात. हा नियम बहुतेकांना पाठ असतो. त्यामागचं मायक्रॉनचं गणित मात्र कमी जणांच्या डोळ्यांसमोर असतं, आणि या प्रकरणात तेच कामी आलं.

तपासणी

पहिला प्रश्न: हलतंय काय? कॅप, की खालचं इम्प्लांटच? हे न ठरवता आवळायला घेणं धोक्याचं, कारण हाड सुटलेल्या इम्प्लांटवर जोर लावला तर उरलेली पकडही जाते. कॅप काढून इम्प्लांट वेगळं तपासलं. ते हाडात पक्कं होतं, दुखत नव्हतं, ठोकल्यावर खणखणीत आवाज येत होता. हाडाची पातळी पहिल्या आट्यापाशी होती. या जातीच्या इम्प्लांटमध्ये काही वर्षांनी तसं दिसतंच.

दुसरं, एक्स-रे. सोबत आलेल्या जुन्या एक्स-रेमध्ये सांधा बंद दिसत होता, पण इम्प्लांटचे आटे पुसट होते. आटे पुसट दिसले म्हणजे किरण तिरपे गेले आहेत असं समजावं, आणि तिरप्या किरणांत फट सहज झाकली जाते. मी कॅप काढण्यापूर्वी, आधीच्या डॉक्टरांनी शेवटी आवळली होती तशाच स्थितीत, नवा एक्स-रे घेतला. दोन्ही बाजूंचे आटे करवतीच्या दातांसारखे स्वच्छ दिसेपर्यंत कोन बदलला. तेव्हा पुढच्या बाजूला, म्हणजे उपदाढेकडच्या कडेला, कॅपच्या तळाखाली केसाएवढी काळी रेघ दिसली. मागच्या बाजूला रेघ नव्हती.

कॅप सैल असल्यामुळे ही फट आली असेल, अशी शंका घेता येते. पण काढलेल्या कॅपचा तळ आणि स्क्रू भिंगाखाली पाहिल्यावर ती शंका मागे पडली. टायटॅनियम बेसच्या, म्हणजे कॅपच्या खाली असलेल्या आणि इम्प्लांटवर टेकणाऱ्या धातूच्या भागाच्या, तळाचा मागचा अर्धा भाग घासून आरशासारखा चकचकीत झाला होता. पुढचा अर्धा भाग मळकट, काळपट थर बसलेला, वास येणारा. तिथे धातूला धातू कधी टेकलाच नव्हता. स्क्रूच्या डोक्याखालीही तसंच दिसलं. डोकं नीट बसलं असेल तर घासल्याची खूण पूर्ण वर्तुळात उमटते. इथे ती चंद्रकोरीएवढीच होती.

मग रुग्णांशी बोलणं. इम्प्लांटच्या बाबतीत विचारायला हवा असा प्रश्न मी विचारला: "आवळल्यावर पहिल्या दिवशी कसं वाटायचं?"

ते म्हणाले, "पुढच्या दातावर दाब यायचा, डॉक्टर. दाटीवाटीने बसवल्यासारखा. दोन-तीन दिवसांत आपोआप जायचा, म्हणून मी काही बोललो नाही."

हे एक वाक्य सगळ्या एक्स-रेंपेक्षा मोलाचं ठरलं. कॅप पुन्हा बोटाने बसवून पाहिली, स्क्रूशिवाय. ती शेवटपर्यंत खाली जातच नव्हती, उपदाढेला अडत होती. फ्लॉस (दातांच्या फटीतून फिरवायचा धागा) कॅप आणि उपदाढेच्या मधून जाताना तुटला. स्क्रू हाताने फिरवताना बोटांनाही तेच कळत होतं. कॅप पूर्ण बसलेली असते तेव्हा स्क्रू मोकळा फिरत येतो आणि एका क्षणी एकदम घट्ट लागतो. इथे तो बराच वेळ फिरत हळूहळू जड होत जात होता, काहीतरी दाबत, सारत चालल्यासारखा.

चित्र असं झालं. कॅपचा पुढचा संपर्क, म्हणजे ती शेजारच्या उपदाढेला टेकते ती जागा, गरजेपेक्षा जास्त घट्ट. स्क्रू आवळताना कॅप उपदाढेवर रेटली जायची. पाना 35 वर पोचायचा, पण त्या जोराला उत्तर देत होती उपदाढ आणि तिच्या मुळाभोवतीचं लवचीक आवरण. नैसर्गिक दात त्या आवरणामुळे काही दशांश मायक्रॉन नव्हे, तर दहा-दहा मायक्रॉनांच्या मापात हलतो, आणि सततच्या दाबाने जागाही सोडतो. इम्प्लांट हाडाला थेट चिकटलेलं, ते सरकत नाही. दोन-तीन दिवसांत उपदाढ किंचित पुढे गेली, रुग्णांचा दाब गेला, आणि त्याच दाबासोबत स्क्रूचा ताणही गेला. रुग्णांना ज्या क्षणी बरं वाटत होतं, तोच सांधा निकामी होण्याचा क्षण होता.

मग दर वेळी उपदाढ थोडी सरकत होती, तर पुढच्या वेळी कॅप नीट बसायला हवी होती, असं कुणी विचारेल. काही अंशी तसं झालंही असेल. पण मधल्या महिन्यांत कॅप सैल राहिली की दात मूळ जागी परतायला वाव मिळतो, आणि एव्हाना तळ एका बाजूने घासून तिरका झाला होता. शिवाय तोच स्क्रू तिसऱ्यांदा वापरला जात होता.

आणखी दोन गोष्टी सापडल्या. टायटॅनियम बेस आणि स्क्रू इम्प्लांटच्या मूळ उत्पादकाचे नव्हते. षटकोनावर बेस बसवून फिरवून पाहिला तर तो डोळ्यांना दिसेल इतका डावीउजवीकडे हलत होता. जुन्या प्रयोगांत षटकोनाची ही मोकळीक 2 अंशांच्या आत असेल तर सांधा जास्त टिकतो, असं दिसलं आहे. दुसरं, कॅपच्या मागच्या गालाकडच्या टोकाचा उतार फार उभा होता, आणि जबडा बाजूला नेताना सगळा भार त्या एका उतारावर येत होता. सुळ्यांवर झिजेचे सपाट डाग होते. झोपेत दात खाण्याची सवय त्यांच्या पत्नीने दुजोरा देऊन सांगितली.

पर्याय

रुग्णांची पहिली मागणी साधी होती. "या वेळी जरा जास्त जोरात आवळून द्या ना." समजण्यासारखी मागणी आहे, पण या पर्यायाला मी ठाम नकार दिला. न बसलेली कॅप जास्त जोराने आवळली तर उपदाढेवरचा रेटा वाढतो, आणि आधीच तीनदा ताणून झालेला स्क्रू तुटण्याची शक्यता वाढते. तुटलेला तुकडा आत अडकला तर तो अल्ट्रासॉनिक टोकाने उलट दिशेने फिरवत काढावा लागतो, आणि त्या झटापटीत इम्प्लांटच्या आतले आटे दुखावले तर मोडतं ते इम्प्लांटच.

दुसरा पर्याय, आट्यांवर चिकट द्रव्य लावून स्क्रू घट्ट करणं. एका सहकाऱ्याने सुचवलं. उलटं फिरणं त्याने रोखता येईल, पण इथे दुखणं उलट्या फिरण्याच्या आधीचं होतं. ताण नसलेला स्क्रू जागेवर चिकटवून काय साधणार? आणि पुढे कधी काढायची वेळ आली तर?

तिसरा पर्याय मोहाचा होता: जुन्याच कॅपचा पुढचा संपर्क घासून मोकळा करायचा, नवा स्क्रू घालायचा, दहा मिनिटांत काम. कमी त्रास, कमी खर्च. इथे मी बराच विचार केला. संपर्क हाच मुख्य दोषी असेल तर एवढ्याने भागलं असतं. पण तळ एका बाजूला घासलेला, बेस षटकोनावर सैल, आणि मूळ कंपनीचा स्क्रू या परक्या बेसमध्ये घालणं चूक, कारण स्क्रूच्या डोक्याची बैठक कुठे सपाट असते, कुठे शंकूसारखी. जुळली नाही तर पुन्हा चंद्रकोरच.

चौथा, सरळ नवी कायमची कॅप. पाचवा, मूळ कंपनीच्या भागांवर आधी तात्पुरती रेझिनची (प्लास्टिकसारख्या पदार्थाची) कॅप, काही आठवडे निरीक्षण, मग कायमची.

मी पाचवा निवडला. रुग्णांना समजावणं सोपं नव्हतं. त्यांच्या दृष्टीने ही आणखी एक फेरी होती. मी त्यांना दोन्ही खुणा भिंगाखाली दाखवल्या, चकचकीत भाग आणि काळा भाग. ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे इतके दिवस ती अर्धीच टेकत होती." त्यानंतर वाद उरला नाही.

काय केलं

सर्वांत आधी इम्प्लांटचा षटकोन तपासला, कारण तो बदलता येत नाही. मूळ उत्पादकाचा नवा भाग त्यावर बसवला, तो घट्ट बसला. कोपरे वाचले होते. हे तपासलं नसतं तर बाकी सगळी योजना हवेत राहिली असती.

तात्पुरत्या कॅपचा संपर्क बसवायच्या क्रमाची काळजी घेतली: आधी कॅप संपर्काशिवाय पूर्ण बसते याची एक्स-रेने खात्री, मग संपर्कावर थोडं थोडं रेझिन चढवणं, दर वेळी फ्लॉस. फ्लॉस थोडा अडून टिचकीसरशी आत गेला पाहिजे, तुटता कामा नये. स्क्रू बोटाने फिरवताना तो एकदम घट्ट लागतो ना, हे पाहिलं. मग इम्प्लांटच्या आतला भाग लाळ-रक्तापासून स्वच्छ करून, तात्पुरत्या भागासाठी उत्पादकाने सांगितलेल्या टॉर्कला आवळला, दहा मिनिटांनी पुन्हा. स्प्रिंगच्या पान्याची दांडी झटका न देता, सावकाश, टोकाशी धरून खेचायची. झटक्याने आकडा पटकन गाठला जातो आणि वाचन फसवं येतं.

प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञांशी फोनवर बोलले. त्यांनी जे सांगितलं ते मला रास्त वाटलं: "मॅडम, इम्प्लांटच्या पुढचा संपर्क आम्ही मुद्दाम घट्ट ठेवतो. दोन वर्षांत तिथे फट पडते, अन्न अडकतं, आणि काम परत येतं." खरंच आहे. पुढचे नैसर्गिक दात आयुष्यभर किंचित पुढे सरकत राहतात, इम्प्लांट जागेवर राहतं, आणि पुढच्या बाजूचा संपर्क उघडतो. तंत्रज्ञ एक खरी अडचण सोडवत होते, आणि त्या उपायाने स्क्रूची अडचण निर्माण होत होती. आम्ही असं ठरवलं की संपर्क बेताचाच ठेवायचा, आणि पुढे फट पडलीच तर स्क्रूची कॅप काढून तिथे भर घालता येईल. स्क्रूने धरलेल्या कॅपचा हाच तर फायदा आहे.

तात्पुरती कॅप दोन महिने न हलता राहिली. मग कायमची: मूळ उत्पादकाचा बेस, गाल-जिभेच्या दिशेने अरुंद केलेली दाढ, मागच्या टोकाचा उतार चपटा. 8 मायक्रॉनची धातूची पट्टी हलक्या चाव्यात कॅपवरून निसटली पाहिजे आणि घट्ट चाव्यात धरली गेली पाहिजे, इतकाच स्पर्श ठेवला. प्रयोगशाळेत वेगळा स्क्रू वापरायला सांगितला आणि तोंडात कोरा स्क्रू घातला. 35 ला आवळला, दहा मिनिटांनी पुन्हा. एक्स-रे सरळ किरणांचा. स्क्रूच्या भोकात टेफ्लॉनची पट्टी, वर कॉम्पोझिटचं (दाताच्या रंगाचं) भरण. रात्रीसाठी दातांवर घालायचं संरक्षक कवच दिलं.

दुसऱ्या दिवशी फोन करून एकच प्रश्न विचारला: पुढच्या दातावर दाब आहे का? नव्हता.

निष्पत्ती

सहा महिन्यांनी, मग वर्षाने, मग दीड वर्षाने तपासलं. कॅप हलत नाही, सांध्यात रेघ नाही, हाड जिथे होतं तिथे आहे. वर्षाच्या भेटीत मी स्क्रू उघडून पाहिला नाही. विनाकारण उघडणं म्हणजे चालू सांधा मोडणं, आणि उघडझाकीत घर्षण बदलत जाऊन ताण कमी मिळतो.

सगळंच गोड झालं असं नाही. रात्रीचं कवच ते अधूनमधूनच वापरतात, सुळ्यांची झीज चालू आहे. दीड वर्षाच्या भेटीत पुढचा संपर्क जरा मोकळा झाला होता, फ्लॉस न अडता जात होता. अन्न अजून अडकत नाही. तंत्रज्ञांचं भाकीत खरं ठरतंय.

वेगळं काय करता आलं असतं

निर्णयाची पहिली जागा होती पहिल्यांदा स्क्रू सैल झाला तेव्हाची. एकदा सैल झालेला स्क्रू आवळून देणं रास्त आहे, पण तेव्हाच कॅप बोटाने पूर्ण बसते का, फ्लॉस कसा जातो आणि सरळ एक्स-रे, या तीन गोष्टी पाहिल्या असत्या तर पुढच्या फेऱ्या टळू शकल्या असत्या. दुसऱ्यांदा सैल झाला की जुना स्क्रू पुन्हा वापरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तात्पुरत्या कॅपच्या निर्णयातही एक त्रुटी आहे आणि ती मांडायला हवी. तिच्यासोबत संपर्क, बेस, स्क्रू आणि चावा असं सगळं एकदम बदललं. त्यामुळे नेमकं कशाने काम झालं हे या प्रकरणातून सिद्ध होत नाही. शुद्ध उत्तर हवं असतं तर आधी फक्त संपर्क मोकळा करून पाहायला हवं होतं. रुग्णाने तीनदा त्रास सोसल्यावर त्यांना चौथ्या प्रयोगाला बसवणं मला पटलं नाही. चंद्रकोरीची खूण, पहिल्या दोन दिवसांचा दाब आणि मायक्रॉनचं गणित जुळतं, म्हणून माझा संशय पहिला संपर्कावर, दुसरा परक्या बेसवर. चाव्याचा वाटा सैल होण्याचा वेग वाढवण्यापुरता असावा. उलट क्रमही कुणी मांडू शकेल.

आणखी एक जागा: कॅप संगणकावर आखताना संपर्काचा घट्टपणा एका आकड्याने ठरतो, आणि तो आकडा प्रयोगशाळेने एकदा ठरवला की दातामागून दात तसाच लागू होतो. नैसर्गिक दातावरच्या कॅपला तो चालून जातो, कारण तिथे दोन्ही दात थोडे सरकून जुळवून घेतात. इम्प्लांटच्या कॅपसाठी वेगळा आकडा ठेवायला हवा, आणि तो डॉक्टरने चिठ्ठीत लिहून द्यायला हवा. आमच्या चिठ्ठ्यांमध्ये आता त्यासाठी वेगळी ओळ आहे. तिच्याखाली आणखी एक: बसवताना स्क्रू एकदम घट्ट लागला की हळूहळू.